माझं जाड अक्षर आणि मावशींची खानावळ

पुण्यात अक्षररचना शिकून मी भोरला परत आलो. पुढची दोन वर्षं मी घरच्यांच्या मते नुसता बसून होतो आणि माझ्या मते फॉन्ट करत होतो. दोन्ही खरं होतं.

माझा फॉन्ट म्हणजे पट्टी आणि कंपास, बाकी काही नाही. ‘व’चं पोट पूर्ण वर्तुळ, ‘प’ चौकोनी, आणि शिरोरेघ एवढी जाड की वडील म्हणाले, खालच्या अक्षरांची दया येते. मला ती ठाम वाटायची. हे अक्षर उत्सवाचं, दुरून हाक मारणारं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. विचारत कोणीच नव्हतं.

फ्लेक्स छापणाऱ्या चाचांनी तेवढं ते मनावर घेतलं. धावत्या एसटीतून नाव वाचता आलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. वाढदिवसाला त्यांच्याकडे सोनेरी, चकाकती अक्षरं होतीच, म्हणून माझं त्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला लावलं. वर्षभरात उत्रोलीपासून हिर्डोशीपर्यंत जो कोणी गेला, तो माझ्या अक्षरात गेला. मी वरवर नाक मुरडायचो, पण आतून सुखावायचो. एवढा वापर कोणाच्या फॉन्टच्या नशिबी असतो?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी याच सुमारास स्टँडजवळ खानावळ काढायचं ठरवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माहेर पासलीचं, तिथे एकच धाकटा भाऊ. वडिलांच्या मागे जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मावशींनी सही दिली नाही, तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं होतं. भाऊबीज नाही, साधा निरोप नाही. बोर्ड करून द्या म्हणताना मावशींनी एकच अट घातली, एक बोर्ड वेल्ह्याच्या स्टँडवर लागला पाहिजे.

“त्यो बाजाराला येतो तितं. माजा फोन उचलत न्हाई, पर फोटू तर दिसंल. उद्घाटनाला आला तर लई बरं वाटंल मला.”

मला भरून आलं, आणि भरून आलं की माझ्या हातून काम चांगलं होतं असा माझा समज आहे. सगळा फ्लेक्स पांढराशुभ्र, मधोमध मावशींचा फोटो, खाली काळ्या जाड अक्षरांत त्यांचं नाव. खानावळ, नाचणीची भाकरी, सोमवारी उद्घाटन वगैरे मजकूर तळाला अगदी बारीक. मोकळ्या जागेला बोलू द्यावं, असं आम्हाला शिकवलेलं.

चाचांनी तो स्क्रीनवर उघडला.

“सर, ह्ये अक्षर नगं हितं. निदान दोन गुलाबी फुलं टाकू का?”

“चाचा, लोकांना वाचता येतं.”

“लोकं वाचत न्हाईत वो. बगत्यात.”

मी त्यांना अभिरुचीवर अर्धा तास ऐकवलं. त्यांनी मुकाट्याने छापलं.

सोमवारी सकाळी मावशींनी पिठल्याचं पातेलं चढवलं आणि उत्रोलीहून त्यांची जाऊ आली. वीस पावलांवरूनच तिने हंबरडा फोडला. दारात पळी घेऊन उभ्या असलेल्या मावशी दिसल्या, तसा तो तिच्या घशातच अडकला. पाठोपाठ भजनी मंडळातले दोघे आले. “कवा न्यायचं?” त्यांनी मलाच विचारलं. मी तळाचा बारीक मजकूर सांगितला. एकाने चष्मा लावून रस्त्यापलीकडचा बोर्ड नीट वाचला.

“असं व्हय,” तो म्हणाला. “मग जेवूनच जातो.”

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराच्या सुमाराला भाऊ आला, दोन एसट्या बदलून. कोणीतरी त्याला बोर्डाचा फोटो मोबाईलवर पाठवला होता, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर चेहरा आणि नाव सोडून काहीच दिसत नव्हतं. बहीण चुलीपाशी उभी बघून तो पायरीवरच बसला.

“म्या म्हनलं, गेलीस तू.”

“न्हाई. भाकरी करतीय.”

त्याच्या हातातली पिशवी घसरली आणि आतून लेबलासकट कोरी साडी बाहेर आली. आमच्याकडे बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरून येतं. कितीही वैर असो, ते चुकवत नाहीत. दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ती साडी कसली ते कळलं. भाऊ ती घाईघाईने पाठीमागे सारू लागला. मावशींनी हात पुढे केला.

“आन हिकडं.”

“आक्का, तसली हाय ती. घेऊ नगंस.”

“ठावं हाय मला.”

साडी घेऊन त्या आत गेल्या. चुलीवर पिठलं रटरटत होतं. बाहेर आल्या त्या तीच साडी नेसून. चुलीपुढे बसल्या, पिठात हात घातला.

“आता म्या खरंच गेले की दुसरी आनावी लागंल तुला,” त्या भावाकडे न बघता म्हणाल्या. “तवर असाच येत जा. ऊठ, हात धू.”

तो उठला. नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून तसाच रडत उभा राहिला.