राहनाळच्या वर्कशॉपमधला जांभळा उजेड

आमच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली लोखंडाचा कीस साठतो आणि चहाच्या वेळी किस्से. कीस भंगारवाला नेतो, किस्से आमच्याकडेच राहतात!

आमचे मालक दत्ताशेठ आधी फक्त कापड विणायच्या लूमचे पार्ट बनवायचे. सूर्यात चालतं त्या फ्यूजनच्या ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेनं टेबलावर मावेल एवढं यंत्र तयार केलं. डब्यातली हवा काढायची, जरासा गॅस सोडून वीज द्यायची. आत जांभळा उजेड पडतो. त्यात ठेवलेलं कापड रंग छान धरतं. प्रयोगशाळांसाठी हे यंत्र बनवायचं लायसन्स शेठना हवं होतं.

शेठच्या आईंनी विचारलं, "लायसन? गारी चालवायचा का?"

"न्हाय गो आये. सूर्यात असतं तसलं काहीतरी बनवायचं हाय."

आईंनी वाळत घातलेल्या बोंबलांकडे पाहिलं. "वरचा सूर्य हाय ना? त्यो फुकट चालतोय!"

*

संस्थेला दाखवायचा नमुना तयार झाला, पण डब्यात हवा शिरायची. तपासणी माझ्याकडे, मी सगळे जोड तीनदा पाहिले. शेवटी आमचे जुने टर्नर युसुफचाचा आले. रबरी रिंग बसते त्या खाचेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मॅडम, खाँचा गहरा है. रिंग दबतीच नहीं."

"चाचा, ड्रॉइंगमध्ये तेवढंच माप आहे."

"तो ड्रॉइंग को बोलो, हवा रोक के दिखाए!"

त्यांनी उथळ खाचेचं नवं झाकण केलं. संध्याकाळी डबा जांभळा उजळला.

*

पण संस्थेची अट होती : मापात परस्पर बदल केला तर लायसन्स नाही. शेठ म्हणाले, "सांगायलाच पाहिजे का?"

चाचा म्हणाले, "शेठ, आज छुपाया तो कल इसी ड्रॉइंग से दूसरा भी गहराच काटेगा."

शेठनी नव्या झाकणावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "सांगा."

*

संस्थेच्या साहेबांनी यंत्र चालवून पाहिलं. मी बदल सांगितला. त्यांनी दोन्ही झाकणं मोजली, ड्रॉइंगवरचं स्वतःचंच माप खोडलं, नवं लिहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

चाचा पुढे झाले. "गलती मेरी है साहब. शेठ का लायसन मत रोको."

"लायसन्स मिळेल. तुम्ही इथं सही करा. सुधारणा करणाऱ्याची सही लागते."

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम केलेल्या चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. "इससे करता हूँ साहब. कल मिटाना पड़े तो तकलीफ नहीं."

साहेबांनी ती पेन्सिल हळूच काढून घेतली आणि आपलं पेन त्यांच्या हातात दिलं.