सहीची वेळ सहापर्यंत

टेनिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवं गवत, पांढरे कपडे आणि टाळ्या वाजवणारी गर्दी येते. मी सात वर्षं व्यावसायिक टेनिस खेळले आणि गवतावर एकदाही पाय ठेवला नाही. माझा सीझन म्हणजे कुठल्यातरी शहराबाहेरची सिमेंटची कोर्टं आणि पात्रता फेरीचा सामना. बघायला पंच, समोरच्या मुलीची आई आणि सावलीला आडवं झालेलं एक कुत्रं. जागतिक यादीत मी इतकी खाली होते की माझं नाव शोधायला मोबाइलच्या पडद्यावर बोट बराच वेळ सरकवावं लागायचं. आणि सोलापुरात परत आले की भाजीवालीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग, ऑलिंपिक कधी?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर "पुढच्या महिन्यात" म्हणून मोकळी व्हायचे. त्यांना तेही खरं वाटायचं.

शेवटच्या सीझनबद्दलच सांगते. जानेवारीत दक्षिणेत तीन स्पर्धा, तिन्ही पहिल्याच दिवशी खलास. मग परदेशात तीन आठवडे, एकाच हॉटेलच्या मागच्या कोर्टांवर. तिथे ज्या मुलीबरोबर खोली वाटून घेतली होती तिच्याशीच सामना पडला. ती जिंकली, आणि खोलीवर आल्यावर तिनेच विचारलं, तुझ्याकडे कपडे धुवायचा साबण आहे का? मी दिला. उन्हाळ्यात खांदा धरला. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे विश्रांती, मी तीन घेतली. पावसाळ्यात दोन सामने जिंकले, पण ते पात्रता फेरीतले. आमच्या स्पर्धांत मुख्य फेरीत सामना जिंकल्याशिवाय गुण मिळत नाहीत. पिशवीत आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. मी ती खोलीचं दार लावून खायचे, कारण इतर मुलींच्या डब्यांत त्यांच्या आहारतज्ज्ञांनी मोजून दिलेलं काहीतरी असायचं.

गुणांचा नियम सोपा आणि निर्दयी आहे. या आठवड्यात मिळवलेले गुण पुढच्या वर्षी याच आठवड्यात गळून पडतात. टिकवायचे असतील तर तेवढेच नव्याने मिळवायचे. आदल्या वर्षी सोलापूरच्याच स्पर्धेत, सीझनच्या अगदी शेवटी, मी मुख्य फेरीचे दोन सामने जिंकले होते. माझ्या नावावरचे बहुतेक गुण त्या एका आठवड्याचे होते. यंदा घरच्या स्पर्धेत काहीच हाती लागलं नाही, तर पुढच्या वर्षी मला पात्रता फेरीतही कुणी उभं केलं नसतं. म्हणजे खेळ संपला. हे मला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक होतं, आणि घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे मोडनिंबचे. नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत होते. सकाळी शटर उघडायची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि त्या किल्लीचा त्यांना भारी अभिमान होता. दुकानाचे मालक टेनिस क्लबचे जुने सभासद. त्यांच्या मुलीला रॅकेटचा दोन दिवसांत कंटाळा आला, म्हणून ती रॅकेट त्यांनी अण्णांच्या हातात दिली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमच्या घरात टेनिस आलं ते असं, मालकांच्या घरून उतरून. त्यामुळे मालकांचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

मालक त्या वर्षी स्पर्धेच्या समितीत होते. मुख्य फेरीतल्या चार जागा यजमानांना आपल्या मर्जीने देता येतात, त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. मालकांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर अण्णांना सांगितलं, "गावची पोरगी हाय. तिला न्हाय तर कुणाला देनार? मुख्य फेरीतच धरा की." अण्णा घरी आले तेव्हा चप्पल काढायच्या आधी त्यांनी मला हे सांगितलं.

पात्रता फेरीच्या यादीतही माझं नाव होतंच. फक्त आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मैदानावर जाऊन, रेफ्रींच्या टेबलावरच्या कागदावर आपल्या नावापुढे स्वतः सही करायची. सही नाही तर जागा नाही. वाइल्ड कार्ड मिळालंच तर त्या यादीतून नाव निघतं, कुणाचं काही बिघडत नाही. मी त्या दिवशी सकाळी म्हटलं, सही करून ठेवते. अण्णांचा चेहरा उतरला.

"मालकांनी शब्द दिलाय," ते म्हणाले, "आन् आपण तिकडं सही करून ठिवायची? त्यांच्या कानावर गेलं तर काय वाटंल त्यास्नी? ह्यांचा माझ्यावर इस्वास न्हाय म्हनतील."

दुसऱ्या कुठल्या खेळाडूने हे ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. मला हसू आलं नाही. मालकांच्या देखत अण्णांनी सव्वीस वर्षांत कधी जेवणाचा डबा उघडला नव्हता. मी मनात म्हटलं, संध्याकाळी बघू.

त्याच संध्याकाळी माझा सत्कार होता. आमच्या गावाला सत्काराचं भयंकर वेड आहे. कुणी काही करायच्या आधीच त्याला शाल पांघरतात. स्पर्धेला शुभेच्छा म्हणून व्यापाऱ्यांनी नवी पेठेतल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. साडेचारची वेळ, सुरू झाला पावणेपाचला. आधी प्रमुख पाहुण्यांना फेटे, मग समितीतल्या प्रत्येकाला गुच्छ, मग गुच्छ देणाऱ्यांना गुच्छ. सत्कारमूर्ती सगळ्यांत शेवटी. एका वक्त्याने माझं तोंडभरून कौतुक केलं आणि टेबल टेनिसमध्ये मी गावाचं नाव काढलं असं सांगितलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. मला राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभरात माझ्या नावाने वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या होत्या.

साडेपाचच्या सुमाराला अण्णा मागच्या रांगेतून उठले. एवढ्या मोठ्या माणसांच्या समोरून जायचं म्हणून कमरेत वाकून, चोरासारखे माझ्या खुर्चीपाशी आले. त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली होती.

"माझ्या मनाला बरं वाटंना," ते कुजबुजले. "जा, सही करून ये. पसंत पडलेली साडी बांधायला सांगून गिऱ्हाईक पायरीवरनं परत जातंया, मी रोज बघतोय. मालकास्नी काय सांगायचं ते मी सांगतो."

सव्वीस वर्षांची भीती त्या माणसाने त्या क्षणी गिळली होती. मैदान तिथून स्कूटरवर फार तर पंधरा मिनिटं. वेळ होता. पण स्टेजवर आणखी दोन गुच्छ उरले होते आणि त्यानंतर माझं नाव पुकारलं जाणार होतं. मी उठले असते तर शाल टेबलावर तशीच राहिली असती, आणि कुणीतरी म्हणालं असतं, सत्कारमूर्ती गेल्या वाटतं, चला आता चहा घेऊ.

मी म्हटलं, "मालक म्हणाले गरज नाही. सही करू नको म्हणाले."

मालक असं काहीही म्हणाले नव्हते. आल्यापासून ते स्टेजवर होते आणि आमचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. अण्णांचा चेहरा मात्र एकदम सैल झाला. "मालक म्हनले? मग झालं की," असं म्हणून ते वाकूनच परत गेले.

मग माझं नाव पुकारलं. शाल गळ्यात पडली, नारळ हातात आला, फोटोसाठी सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मला ते फार आवडलं. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण आवडलं. सहा वाजले तेव्हा मी कुणाच्यातरी नातीबरोबर सेल्फी काढत होते.

सव्वासातला ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची यादी, मोबाइलवर आला. चार वाइल्ड कार्डांत माझं नाव नव्हतं. चौथं कार्ड बाहेरगावच्या एका मुलीला गेलं होतं. तिच्या काकांच्या कंपनीचे फलक दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक कोर्टाच्या कुंपणावर बघितले. समितीच्या बैठकीत सगळं सत्काराच्या आधी दुपारीच ठरलं होतं आणि मालक तिथे मान खाली घालून बसून राहिले होते, हेही नंतर कळलं. म्हणजे मला शाल पांघरताना त्यांना ते माहीत होतं. त्या माणसाचा मला संताप आला तो आजही गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. तो असला की बाकीचं जरा झाकलं जातं.

सकाळी मी रेफ्रींकडे गेले. परगावच्या, शांत बाई होत्या. त्यांनी कागद दाखवला. माझ्या नावापुढचा चौकोन कोरा होता. सहा वाजायच्या आत आपण माइकवर दोनदा तुमचं नाव घेतलं, असं त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग त्यांनी तो कागद फायलीत ठेवला. चौथ्या कार्डवाली मुलगी मुख्य फेरीत पाऊण तासात हरली. ती तरी बरी खेळायला हवी होती, असं मला राहून राहून वाटत होतं. पुढच्या आठवड्यात माझे गुण गळाले. नव्या वर्षात मी चार ठिकाणी नाव पाठवलं, चारही याद्या माझ्या नावाच्या वरच संपल्या. तेव्हापासून मी सकाळी लहान मुलांना बॅकहँड शिकवते.

पण खरं घडलं ते आमच्या घरात. ड्रॉ आला त्या संध्याकाळी अण्णांनी मला एवढंच विचारलं होतं, "सही नगं म्हनून मालकच म्हनले होते न्हवं?" मी मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, झाडलोट करून घेतली, किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि मालक यायच्या आत घरी निघून आले. कारण सांगितलं नाही. मालकांना उलट बोलणं त्यांना जमलंच नसतं. आठवड्याभरात ते दुसऱ्या एका दुकानात लागले. तिथे या वयाच्या नव्या माणसाला गादी मिळत नाही. पायरीवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना हाका मारायच्या, या ताई, बघून तर जावा. मी एकदा त्या रस्त्याने गेले आणि त्यांचा आवाज ऐकून मागे वळले. त्यानंतर बाजाराला मी लांबून जाते.

तीनेक आठवड्यांनी मालक आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. आईची खुर्ची पुसायची धांदल उडाली. मालक बसले, चहाचा कप हातात धरला.

"कार्डाचं माझं चुकलं," ते म्हणाले. "बोलायला पायजे होतं मी, न्हाय बोललो. तोंड दाखवायला जागा न्हाय मला. पन तुमी परत या. दुकान सुनं वाटतंय."

"कार्डाचं काय न्हाय, मालक," अण्णा म्हणाले. ते उभेच होते. "ते तुमच्या एकल्याच्या हातात नसंल. पन पोरगी सही करायला निघाली होती. तिला करू नको म्हनून तुमी का सांगितलं? तेवढं सांगा. तेवढी एक सही असती तर ती खेळली असती."

मालकांनी गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "मी? मी कवा म्हनलो?" मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, खरंच आठवत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "पोरी, मी म्हनलो होतो का गं तुला?"

अण्णाही माझ्याकडे बघत होते. आई दारात उभी होती. एक "नाही" म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर अण्णा दुसऱ्या दिवशी गादीवर बसले असते.

मी म्हटलं, "हो."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कप खाली ठेवला, चहा तसाच होता, आणि अण्णांना म्हणाले, "म्हनलो असंन. वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाय आता." दारापाशी ते चपला शोधत वाकले तेव्हा अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. चपला मीच सरळ करून त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी त्या पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.