लिफ्टवाल्याच्या मागचे चाळीस हजार

चौकशीबाईंना खोटं बोलता येत नाही असं मुळीच नव्हे. वय विचारलं की त्या बिनदिक्कत पाच वर्षं गिळून टाकतात, आणि सुनेच्या स्वयंपाकाची तोंडभरून स्तुतीही करतात. पण हातात पाहणीचा फॉर्म आला की बाई वेगळ्याच होतात. सरकारचं काम कसं वाटतं, देश बरा चाललाय का, उद्या निवडणूक झाली तर मत कुणाला, हे त्या बावीस वर्षं दारोदार विचारत आल्या. लोकांनी तोंडावर दार आपटलं, कुत्रं सोडलं. एका विधुर गृहस्थांनी तर उत्तरं देता देता लग्नाची मागणी घातली. बाईंनी तीही 'इतर' या रकान्यात नोंदवली.

एका गोष्टीचं मात्र त्यांना आजही नवल वाटे. आठ कोटी मतदारांचं मन अवघ्या दोन हजार फॉर्मांत उतरतं! पहिल्या वर्षी त्यांना ही शुद्ध थाप वाटली होती. मग निवडणूक झाली, आकडे जवळजवळ तसेच आले, आणि बाई त्या दिवशी जेवायच्याच विसरल्या. अट एवढीच, की घर यादीतलंच हवं, आणि त्या घरात ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला असेल त्यालाच विचारायचं. बोलका शेजारी चालत नाही, दीडशहाणा जावई तर नाहीच नाही.

या फेरीत शेवटचं घर निघालं एका लिफ्टवाल्याचं. दार त्याच्या बहिणीनं उघडलं.

"विचारा, विचारा! माझी मतं तयारच आहेत."

"तुमचा वाढदिवस कधी झाला?"

"झाले तीन महिने. का, भेट आणलीय?"

"आणि दादांचा?"

"गेल्या आठवड्यात. पण त्याला काय विचारता? जेवायला काय करू विचारलं तरी दहा मिनिटं छताकडे बघतो!"

बाईंनी दादांनाच विचारलं. प्रश्न तीस. प्रत्येक प्रश्नाला लिफ्टवाल्यानं डोळे मिटले, भरपूर विचार केला आणि म्हटलं, "सांगता येत नाही."

"अरे, काहीतरी सांग की! पाहुण्यांसमोर अब्रू घालवतोस," बहीण दारातून कुजबुजली, म्हणजे तिसऱ्या घरात ऐकू जाईल इतक्या हळू.

बाईंनी 'सांगता येत नाही' या शेवटच्या रकान्यात तीस खुणा केल्या. एकाखाली एक, सरळ रेषेत.

ती रेषाच भोवली. दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेबांनी फॉर्म टेबलावर आपटला.

"बाई, हा बसस्टॉपवर बसून भरलात ना? आळशी लोकांची खूण आहे ही! एक फॉर्म बनावट निघाला की तुमचे चाळीसच्या चाळीस रद्द. आणि तुम्हालाही कायमची सुट्टी."

बाईंनी फॉर्म उचलला. काम जाणार, हे तर होतंच. पण चाळीस माणसांनी मनातलं काढून त्यांच्या हातात दिलं होतं, ते केराच्या टोपलीत?

"साहेब, माणूस दाखवते. उठा."

चौदा मजली कचेरीत लिफ्टवाला आपल्या स्टुलावर बसला होता. साहेबांनी लिफ्टमध्येच फेरतपासणी सुरू केली, तोच दुसऱ्या मजल्यावर दोन कारकून भांडत आत शिरले.

"कर कमी केला म्हणून तर बाजार पुन्हा उभा राहिला."

"उभा? आडवा पडलाय! खरं कारण मी सांगतो, ऐक—"

सहावा मजला आला. दोघं उतरले, दार बंद झालं. साहेबांची मान अजून दाराकडेच.

"खरं कारण काय पण?"

"तेच तर माहीत नाही, साहेब," लिफ्टवाला म्हणाला. "सव्वीस वर्षं झाली. कारण यायच्या आत मजला येतो. जो बोलतो त्याचं पटतं, दुसरा बोलला की त्याचंही पटतं. अर्धवट ऐकून मत कसं देऊ? मत काही हलकी वस्तू नाही."

साहेबांनी चार वेळा वर-खाली केलं. प्रत्येक प्रश्नाला तेच मिटलेले डोळे, तेच उत्तर. शेवटी त्यांनी घाम पुसला आणि फॉर्मवर लिहिलं, 'तपासला. अस्सल.'

बाई थक्क होऊन बघत होत्या. आजवर तो शेवटचा रकाना त्यांना रिकाम्या खुर्चीसारखा वाटे. तिथं इतका विचार करणारा माणूस बसलेला असतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई," लिफ्टवाला ओशाळून म्हणाला, "माझ्या एकट्यासाठी केवढी धावपळ केलीत."

"एकट्यासाठी कसली, दादा? आठ कोटी माणसं, दोन हजार फॉर्म. तुमच्यामागे चाळीस हजार जण उभे आहेत."

त्यानं खरोखरच मागे वळून पाहिलं. मग सावकाश स्टुलावरून उठला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"चाळीस हजार! मग एखादं उत्तर बदलू का?"

साहेबांचा पेन हवेतच थांबला. लिफ्टवाल्यानं डोळे मिटले. तीन मजले गेले.

"नको," तो म्हणाला. "एवढ्या लोकांना न विचारता मी एकट्यानं कसं बदलू?"