खंडेनवमीचे साचे

सतरा वर्षं एकाच फाउंड्रीत काढली, तरी कोडोलीत केरबाचं घर नेमकं कुठं आहे हे भाऊसोला त्याच्या मातीला जाताना विचारावं लागलं. भाऊसो स्टोअरला, केरबा वाळूचे साचे भरणारा. स्टोअरची किल्ली दिली-घेतली, एवढीच ओळख. एक दिवस तेवढा लख्ख आठवतो. २००३ सालची खंडेनवमी.

त्या वर्षी अमेरिकेनं चीनच्या बिडाच्या पाइप-जोडांवर जबर कर बसवला, आणि अमेरिकेतला एक व्यापारी नवा कारखाना शोधत थेट शिरोलीला त्यांच्या शेडमध्ये आला! वीस नमुने पसंत पडले तर वर्षभराचं काम. नाहीतर आठवड्यातून तीनच दिवस पेटणारी भट्टी दिवाळीनंतर बंद. पहिल्या खेपेला वाळू ओली राहिली, नगांना भोकं पडली. आता मुदत दसऱ्यापर्यंतच. दसऱ्याला मुहूर्तावर बीड ओतता आलं असतं; पण साचे आदल्या दिवशी भरायचे, आणि त्या दिवशी खंडेनवमी, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागलेलं. हात कोण लावणार?

मालक गणपतराव डोकं धरून बसले. केरबा बौद्ध. तो पुढं झाला.

“आमच्यात ही पूजा न्हाय, मालक. माझी थापी पिशवीत हाय. मी भरतो की.”

“एकटा?”

“भांडायला अमेरिका-चीन दोघं लागत्यात. साच्याला मी एकटा बास. वाळू चाळायला तेवढं भाऊसो द्या.”

भाऊसो दचकला. “अरे, चाळणीची पूजा झालीया!”

“हातांची झालीया व्हय? हातानं मोकळी करा!”

आणि भाऊसोनं केली! तळवे सोलवटले. केरबा मूठभर वाळू दाबायचा, मोडून बघायचा, “आजून कोरडी करा!” म्हणून ओरडायचा. दिवस मावळायला वीस साचे तयार.

दुसऱ्या दिवशी केरबाचा धम्मचक्राचा कार्यक्रम. तरी पांढऱ्या कपड्यांत तो आधी फाउंड्रीत आला. बीड ओतलं, निवल्यावर साचे फोडले, पहिल्या नगावर हातोडी पडली. ठण्ण! एक भोक नाही! गणपतरावांनी केरबाला मिठी मारली, पांढरा सदरा काळा झाला. महिन्याभरात ऑर्डर आली आणि भट्टी सहा दिवस पेटू लागली.

भाऊसोला वाटायचं, एकदा निवांत बसून केरबाशी बोलावं. पण केरबा जाईपर्यंतच्या सहा वर्षांत जमलं नाही. शेवटचं बोलणं गेटवर झालं.

“भाऊसो, उद्या सकाळची पाळी न्हवं?”

“व्हय. सहाला.”

“वाळू कोरडी ठेवा मग.”

“ठेवतो.”