लायमन, त्यांना सांग

आमच्या गावात मेलेली माणसं आणि मरायला टेकलेली माणसं एकाच गाडीतून जात. ती गाडी माझी. अमेरिकेतल्या मिझुरीच्या आमच्या भागात तेव्हा वेगळी अँब्युलन्स नव्हती. मर्तिकं उरकणाऱ्याची लांब काळी गाडीच दोन्ही कामांना धावायची. त्यामुळे गावातले दोन्ही डॉक्टर मी जवळून पाहिले, आणि कितीदा तरी दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं.

ऑर्फा क्लिंगनर ही डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथ डॉक्टर. डॉ. व्हिटकोम सेअर हा एम.डी. दोघांनी चार-चार वर्षं कॉलेजात घासली होती, दोघांनी सारखीच प्रेतं फाडली होती, आणि राज्याने दोघांनाही औषध द्यायचा नि सुरी चालवायचा परवाना दिला होता. ऑर्फाच्या कॉलेजात एक गोष्ट जास्तीची शिकवत: हाडं आणि स्नायू बोटांनी चाचपून दुखणं शोधायचं, आणि जमेल तिथे हातांनीच मोकळं करायचं. एवढ्यावरून एम.डी. लोक त्यांना हाडं पिळणारे म्हणत. एम.डी. लोकांच्या संघटनेचा नियमच होता की डी.ओ.शी रोग्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. जो बोलेल तो बाहेर. काउंटीच्या हॉस्पिटलात ऑर्फाला बंदी होती. आणि हाच सेअर रविवारी चर्चमध्ये तिने केलेला सफरचंदाचा केक दोनदा मागून घ्यायचा.

ऑर्फा डुकरं पाळणाऱ्याची मुलगी. पंजे फावड्यासारखे, तोंड त्याहून फटकळ. खांदा निखळलेला माणूस आला की त्याच्या बगलेत बूट रोवून हात खेचायची आणि वर म्हणायची, "रड हवं तेवढं, पण हलू नकोस." एका दारुड्याने तिच्या कमरेला हात घातला, तर तिने ठोसा हाणून त्याचा जबडा निखळवला आणि मग तिथेच बसवूनही दिला. मला ती फार आवडायची. ही गोष्ट तिला कधी सांगितली नाही, कारण माझाही जबडा मला हवा होता.

एका शनिवारी दुपारी गुरांच्या लिलावात रॉइस टॅकेट आणि त्याचा मेव्हणा व्हर्जिल कुंपणावरून भांडले. आधी शिव्या, मग गुद्दे. रॉइसने व्हर्जिलचं नाक फोडलं, तेव्हा व्हर्जिलने मका तोडायचा कोयता उचलला आणि रॉइसच्या जांघेत घातला. रक्ताची चिळकांडी बाकावरच्या बायकांपर्यंत गेली. व्हर्जिल दुसरा घाव घालणार तेवढ्यात वासरू बघायला आलेली ऑर्फा मधे घुसली. तिने त्याचं मनगट धरून असं पिळलं की हाड मोडल्याचा आवाज दारात उभ्या असलेल्या मला ऐकू आला. मग गुडघे टेकून तिने आपली मूठ रॉइसच्या जखमेत खुपसली.

"लायमन, गाडी! आणि माझी पिशवी आण!"

तिने एका हाताने त्याला मॉर्फिन टोचलं. रॉइसला रक्त द्यायला हवं होतं, आणि रक्त फक्त हॉस्पिटलात मिळायचं. मी गाडी मारली ती थेट बंदी असलेल्या दारात.

सेअर टेबलाशी उभा होता. त्याने रॉइसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलंच नाही.

"लायमन, त्या बाईंना सांग, बाहेर जा."

"लायमन, त्यांना सांग," ऑर्फा म्हणाली, "मी मूठ काढली, तर हा तुझ्या दुसऱ्या धंद्याचं गिऱ्हाईक होईल."

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. रॉइस पांढराफटक पडला होता, आणि हे दोघे माझ्या तोंडून बोलत होते!

सेअरने मॉर्फिनची सुई भरायला घेतली. "लायमन, विचार त्यांना, रक्तवाहिनी पूर्ण तुटलीय का?"

"लायमन, सांग, अर्धी. आणि मॉर्फिन मी दिलंय. परत दिलं तर श्वास थांबेल."

"लायमन, विचार, किती दि—"

माझं डोकंच फिरलं. मी सेअरच्या तोंडावर ठोसा मारला. तो औषधांच्या कपाटावर आदळला, काचा फुटल्या, नर्स किंचाळली.

"तिला विचार ना, साल्या!" मी ओरडलो. "तोंड दिलंय ना देवाने?"

सेअर उठला. ओठ फाटला होता. त्याने सुई टाकून दिली, हात धुतले आणि ऑर्फाकडे बघून म्हणाला, "मी सांगेपर्यंत मूठ हलवू नका."

"हलवली होती का?" ती म्हणाली.

रॉइस जगला. पाय मात्र मांडीपासून कापावा लागला. दोघे आधीच एकमेकांशी बोलले असते तर पाय राहिला असता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं, आणि आजही राग येतो. संघटनेने चौकशी केली तेव्हा सेअरने सांगितलं की त्या खोलीत दुसरं कोणी डॉक्टर नव्हतं. त्याचं सभासदत्व वाचलं. ऑर्फाला हे कळलं. रविवारी तिने केक आणला, सगळ्यांना वाढला, आणि सेअरच्या ताटलीपुढून तशीच पुढे गेली.

पुढे काही वर्षांनी तो नियम गेला. हॉस्पिटलाने ऑर्फाला बोलावणं धाडलं. ती गेली नाही.

मग एका रविवारी चर्चच्या जेवणात ती केक कापता कापता कोसळली. सेअर खुर्ची उडवून धावला, तिच्याशेजारी बसला.

"कुठे दुखतंय, डॉक्टर? डॉक्टर, बोला!"

इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदा डॉक्टर म्हणाला. ऑर्फाने डोळे फिरवून मला शोधलं.

"लायमन, त्यांना सांग," ती म्हणाली. "डावा हात. छाती."

मी सांगितलं. तिचा श्वास थांबला. सेअर दोन्ही हातांनी तिची छाती दाबत राहिला. बरगडी मोडली, तरी तो थांबला नाही. शेवटी मीच त्याच्या काखेत हात घालून त्याला मागे ओढलं.

तो जमिनीवर बसून राहिला, हात मांडीवर टाकून.

"लायमन," तो म्हणाला, "डॉक्टरांना सांग..."

मी गाडी आणायला गेलो.