आजोबांच्या जागी मी

जिवंत माणसाला भिंतीवर टांगून, हार घालून, वर त्यालाच त्या भिंतीपुढं हात जोडायला लावण्याचा पराक्रम सबंध वऱ्हाडात एकाच माणसानं केला असेल, आणि तो माणूस म्हणजे आमचे धाकटे आबाजी. धाकटे आबाजी म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांनी टांगलेला जिवंत माणूस म्हणजे मी. आबाजींना जाऊन आता वर्ष होत आलं, पण मी मात्र जानेफळच्या आमच्या बैठकीत, खिडकी आणि खुंटी यांच्या मधे, वीस वर्षांपासून कैलासवासी होऊन लटकतोच आहे. याबद्दल मी आजवर पुष्कळ संतापलो. घरात सगळ्यांना ऐकवलं. दोन वेळा तर भरल्या पानावरून उठलो; पण माझ्या संतापाला आमच्या घरी असा काही मान आहे, की मी परत येऊन पानावर बसलो तेव्हा भाजीसुद्धा गार झालेली नव्हती.

आबाजींना चेहऱ्यांचं वेड होतं. लोक बैलाचे दात पाहतात, जमिनीचा कस पाहतात. हे माणसाचं तोंड पाहत आणि ते तोंड कुठून आलं याचा तपास लावत. घरात मूल जन्मलं की बारशाची वाट न पाहता पाळण्याशी हजर. "कपाळ आपलं हाये. हनुवटी मेहकरची." मेहकर माझ्या आईचं माहेर, आणि तिकडून आलेली कुठलीही वस्तू, मग ती हनुवटी का असेना, आबाजी थोड्या नाराजीनंच घरात घेत. एकदा एका सोयरिकीसाठी संग्रामपूरला गेले असताना तिथल्या बाजारात त्यांना एका परक्या माणसाचा कान ओळखीचा वाटला. झालं. सोयरीक राहिली बाजूला, हे त्याच्या मागं मागं भाजीवाल्यांतून, गूळवाल्यांतून फिरत राहिले. शेवटी तो माणूस गर्रकन वळला. "काऊन बे बुढ्या, खिसा पाहून राह्यला काय?"

"खिसा कोन पाह्यते? कान पाहून राह्यलो. थांब ना जरासा."

तो थांबला नाही. आबाजी पुढं आठवडाभर चिडलेले होते. लोकांना आपल्या कानाची कदर नाही, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या शोधाच्या मुळाशी एकच चेहरा होता, माझ्या आजोबांचा. आजोबा ऐन तिशीत दोन दिवसांच्या पटकीनं गेले. तेव्हा माझे वडील दोन वर्षांचे आणि आबाजी सोळाचे. फोटो काढणारी पेटी आमच्या तालुक्यात कोणी पाहिलेली नव्हती, त्यामुळं आजोबांचा चेहरा होता तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत, आणि पाहणारे एकेक करून निघून गेले. माझे वडील मोठेपणीही आबाजींना विचारायचे, "काका, बाबा कसे दिसत?" मग आबाजी बोटांनी हवेत कपाळ काढत, नाक काढत, मिशीला पीळ देत, आणि वडील त्या रिकाम्या हवेकडं मोठ्या आशेनं पाहत राहत. हवेकडं पाहता पाहताच तेही पंचेचाळिशीत गेले. त्यांच्या तेराव्याला पंगत उठल्यावर आबाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "हा पोरगा बापाचं तोंड न पाहता गेला. आता या घरात थे तोंड पाह्यलेला मी एकटा. मी गेलो का थे बी गेलं." हे त्यांनी इतक्या रागानं सांगितलं, की तो चेहरा आम्हीच कुठंतरी ठेवून विसरलो असलो पाहिजे असं वाटून मी चटकन मान खाली घातली. तिथंच चुकलं. मान खाली घातल्यावर माझं कपाळ त्यांना नीट दिसलं.

पंधरा दिवसांत खामगावचा फोटोवाला बैलगाडीतून आपली पेटी आणि तिचे तीन पाय घेऊन दारात उतरला. मी सव्वीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो, चार माणसांत मला मत होतं. ते मत कोणी विचारलं नाही. विचारलं ते आईनं, तेही आबाजींना. "मामंजी, जित्या लेकराले गेलेल्या मानसाच्या जागी बसवता? त्याच्या जिवाले काही झालं तं?"

"सूनबाई, काही होत नाही. त्याच्याकडं पाह्य तं खरं. याले न्यायले कोन येते?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण तिची समजूत पटली.

मग आजोबांचा अंगरखा आणि जरीचा फेटा पेटीतून निघाला. दोन्हींना कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता आणि दोन्ही मला दोन बोटं मोठे होते. आजोबांची मिशी म्हणे गालावर वळलेली. माझी म्हणजे ओठावर कोणी काळं बोट पुसल्यासारखी. आबाजींनी काजळाची डबी आणून स्वतःच्या हातानं ती वाढवली. वैशाखातलं ऊन, अंगणात मला खुर्चीवर बसवलेलं. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून "हलू नका" म्हणायचा, आणि मी न हलण्याची तयारी पुरी करतो न करतो तोच आबाजी ओरडायचे, "थांबा. दादा असे बसत नोयते." मग माझा गुडघा बाहेर ओढला जाई, हनुवटी वर ढकलली जाई. "तोंड असं कर, जसं धुऱ्यावरून भांडन चालू हाये." आयुष्यात मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून काय, कशावरूनच भांडलेलो नाही, भांडण आलं की वाट सोडून बाजूला उभा राहतो. असा तासभर गेला. काजळ घामानं ओघळून तोंडात आलं, नाकावर माशी बसली, आणि शेवटी माझ्या मनात आबाजींविषयी जे काही होतं ते सगळं तोंडावर आलं. "हाव," आबाजी हळूच म्हणाले, "हेच. काढा आता."

फोटो आला तो असा. माझं कपाळ, माझा उजव्याहून बारीक असलेला डावा डोळा, आणि आबाजींवरचा माझाच राग. मिशी तेवढी खामगावला बसून फोटोवाल्यानं कुंचल्यानं काढली होती, आणि ती दोन माणसांना पुरली असती. आबाजींनी तो भिंतीवर चढवला, हार घातला आणि घरात फर्मान काढलं, की हा कोण हे लेकरांना सांगायचं नाही. लेकरांना आजोबा पाहिजेत, मास्तर नको.

आमच्याकडं आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण पूर्वजांचा. घागर पुजायची, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य गेलेल्यांना दाखवायचा, मग आपण जेवायचं. म्हणजे आधी मला नैवेद्य, आणि तो मला मिळाला की नाही याची खात्री होईपर्यंत मी उपाशी. माझी बायको त्या फोटोला डोक्यावर पदर घेऊन वाकून नमस्कार करते. तिला सगळं ठाऊक आहे. मी एकदा म्हटलं, "इतक्या भावानं कधी माझ्या पाया पडली नाहीस."

"थे उलटून बोलत नाहीत," ती म्हणाली.

हेही मी सोसलं. पण दोन वर्षांमागं आमच्या मुलीला पाहायला रोहिणखेडचे पाहुणे आले. मुलाच्या वडलांनी माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "डोळ्याचं हे घराण्यातच हाये वाट्टे?" आणि मग बराच वेळ पोरीच्या डाव्या डोळ्याकडं पाहत राहिले. पोरीचे डोळे आईचे, दोन्ही टपोरे. लग्न जमलं, ती गोष्ट वेगळी. पण पाहुणे दाराबाहेर पडताच मी वही-पेन्सिल घेतली आणि तरातरा मागच्या अंगणात गेलो. आबाजी बाजेवर बसलेले होते. पंचाहत्तरी उलटली होती, डोळे मात्र शाबूत होते.

"आबाजी, थो फोटो मी उद्या उतरवतो. लेकरायले खोटं तोंड दाखवनं बस झालं. तुम्ही आजोबायले पाह्यलं हाये. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. नाक कसं, डोळे कसे. खरं असन तेवढंच राहू द्या."

ते नाही म्हणतील, ओरडतील, याची मी तयारी करून आलो होतो. उत्तरंसुद्धा वाटेतच जुळवली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. "नाक," म्हणाले, आणि थांबले. मी पेन्सिल टेकवून वाट पाहत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"तूच येतं बे."

"म्हनजे?"

"डोळे मिटले का तूच येतं. फेटा घालून, रागावून. पहिले दादा दिसत, त्यायच्या मागून तू. मंग दोघं बी. आता दादा येतच नाहीत." हवेत एक बोट उचलून ते म्हणाले, "तुह्या बापाले हवेत काढून दाखवत होतो, तवा तं दिसत होते."

जुळवून आणलेल्या उत्तरांतलं एकही इथं लागू पडत नव्हतं.

"आवाज हाये मातर," आबाजी म्हणाले. ते लहानपणी नाल्याच्या अलीकडं बैल सोडून झाडाखाली झोपून जात, आणि दिवस कलला की आजोबा पलीकडून त्यांना हाक मारत. आबाजींनी तोंडाशी हात धरला आणि ती हाक मारली. त्या वाळलेल्या गळ्यातून असा भरघोस, तरणा आवाज निघाला, की शेजारीण भिंतीवरून डोकावली. "लिही," ते म्हणाले. मी त्यांचं लहानपणचं नाव लिहिलं, त्यापुढं एक लांब रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली.

"लिहिता नाही येत, आबाजी."

"मंग मार."

मी मास्तर माणूस, चव्वेचाळीस वर्षांचा. पंचाहत्तरी उलटलेल्या वडीलधाऱ्याला एकेरीत, भर अंगणात हाक मारली. "वर नको नेऊ," ते म्हणाले. पुन्हा मारली. "शेवटी ओढू नको, सोडून दे." पुन्हा. "पोटातून. शाळेतली हजेरी घेऊन राह्यला काय?" सात-आठ वेळा त्यांनी मला असं परतवलं. त्यानंतरच्या हाकेला मात्र ते काहीच बोलले नाहीत. डोळे मिटून, बाजेच्या दोरीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. हाक जमली होती, का ते दमले होते, का चेहऱ्यावर माझा चेहरा बसला तसा आता त्या आवाजावरही माझाच आवाज बसला होता, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. वही मिटली आणि त्यांच्याशेजारी बाजेवर बसलो.