अकरा दाण्यांची टीम

दुपारचं जेवण झालं की रंगराव साळोखे मधल्या खोलीतल्या कॉटवर पडतात. झोपत नाहीत हं, नुसते पडतात, असं ते स्वतः सांगतात. घोरणं ऐकू येतं ते म्हणे शेजारच्या घरातलं. आजही ते पडलेत. डोक्यावर पंखा फिरतोय, आत त्यांच्या पत्नी सुशीलाकाकी भांडी आवरतायत आणि रंगराव डोळे मिटून टीम लावतायत.

टीम पिंपळकट्टा तालमीची. कोल्हापुरात तालमी निघाल्या कुस्तीसाठी, पण आता पेठेची इज्जत फुटबॉलवर ठरते. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी असते. कोण राहणार, कोण पेठ बदलणार, बाहेरगावचा कुणाला आणायचा, यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद झडतात. नवरा एका पेठेचा आणि बायको दुसऱ्या पेठेची असली, तर त्या दिवसांत आमटीत मीठ पडेलच याचा भरवसा नाही.

आज संध्याकाळी तालमीत बैठक आहे आणि निवड समितीत शेवटचा शब्द रंगरावांचा. सगळी नावं ठरलीत, एक सोडून. स्टॉपरचं. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पुढं उभा राहून येईल त्याला अडवणारा गडी. मिसरूड फुटल्यापासून ती जागा संग्राम इंगवलेची आहे, कधीकाळी त्याच्या बापाची होती. पण गेल्या हंगामात सेमीफायनलला पलीकडच्या पेठेचा एक पोरगा त्याच्या बगलेतून दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा गोल करून आला. आता सगळी पेठ म्हणते, संग्रामला बाकावर बसवा. समितीही तेच म्हणते, पण रंगरावांकडं बघत म्हणते.

आणि रंगरावांची जीभ उचलत नाही. संग्राम हा दौलतचा मुलगा. दौलत इंगवले म्हणजे रंगरावांचा लंगोटीयार. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. जाताना दवाखान्यात रंगरावांचा हात धरून एवढंच म्हणाला होता, "संग्रामकडं लक्ष असू दे." आता गेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तो मोडायचा कसा? रंगराव कूस बदलतात. भांड्यांचा आवाज लांब लांब जातो.

"सरक की तिकडं. अख्खी कॉट अडवलीस."

पायाशी दौलत बसलाय. तोच पिवळट सदरा, ऐन उन्हाळ्यातही न सुटणारा तोच मफलर. रंगरावांना त्याचं काही नवल वाटत नाही. उलट एवढे दिवस कुठं होता म्हणून थोडा रागच येतो.

"तू वारलास न्हवं?" ते विचारतात.

"वारलो की. म्हणून काय नोंदणी चुकवू?"

आणि ते दोघं कट्ट्यावर बसलेत. पिंपळाची सावली आहे, समोर तालमीचं दार आहे, फक्त रस्त्यावर एकही माणूस नाही आणि चहाच्या गाड्यावर चहा आपला आपण उकळतोय. दौलत मफलर सारखा करतो, सदऱ्याच्या खिशात हात घालतो आणि मूठभर खारे शेंगदाणे काढतो.

ही त्याची जुनी रीत. टीमवर बोलायचं तर कट्ट्याच्या फरशीवर अकरा दाणे मांडायचे. पिंपळाच्या बुंध्याजवळ गोली, मग बाकीचे. ज्याला टीममधून बसवायचं ठरेल, तो दाणा खाऊन टाकायचा. तालमीची पोरं जाता-येता विचारायची, "काका, मी हाय न्हवं अजून? का गेलो पोटात?" दौलत पोट चोळून दाखवायचा, की बिचाऱ्याचा चेहरा पडायचा. संग्रामचंही सगळं लहानपण याच कट्ट्यावर, ते दाणे बघत गेलं.

दौलत एक दाणा तोंडात टाकतो.

"मीठ कमी हाय."

"तुला कायमच कमी असतंय," रंगराव म्हणतात. "फॉरवर्डला गोव्याचा एक पोरगा बघून ठेवलाय. वाऱ्यागत पळतोय."

"बाहेरचा कशाला? आपला शंभू काय वाईट हाय?"

"शंभू अजून कोवळा हाय."

"तू कोवळा होतास तवा तुला कुणी खेळवलं? आणि बाहेरच्याचं म्हणशील तर मागल्या खेपेला आणला होतास की एक. फायनलच्या आदल्या दिवशी तांबडा रस्सा कुणी पाजला त्याला?"

"पाहुणचार नको करायला?"

"कर की. आख्खी फायनल संडासात गेली गड्याची."

रंगरावांना हसू फुटतं. किती दिवसांनी कुणीतरी असं धडधडीत तोंडावर बोलतंय. दौलत गेल्यापासून कट्ट्यावर सगळे त्यांचं ऐकून घेतात, माना डोलावतात. सगळेच हो म्हणायला लागले की बोलण्यात राम उरत नाही. दौलतचं तसं नव्हतं. रंगराव पूर्व म्हणाले की तो पश्चिम म्हणायचा. एकदा रंगराव म्हणाले, आज उकडतंय, तर या बाबानं भर वैशाखात मफलर गळ्याशी घट्ट केला. त्याचं मत काढून घ्यायचं तर आपण उलटं बोलावं, एवढी साधी युक्ती होती आणि ती रंगरावांनी जन्मभर वापरली.

फॉरवर्डवर भांडण होतं, हाफवर होतं. एक दाणा रंगराव खातात, दोन दौलत खातो, त्यांच्या जागी खिशातून नवे येतात. बोलता बोलता कट्टा लांबत चाललाय. आता त्याला पायऱ्या आहेत, खाली पायऱ्या, वर पायऱ्या, आणि ते स्टेडियमच्या गॅलरीत बसलेत. गॅलरी रिकामी आहे, पण पब्लिकचा आवाज भरून राहिलाय. समोरच्या मैदानात गवत नाही. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती पसरलीय, ताक आणि तेल घालून मळलेली, आणि तिचा वास इथपर्यंत येतोय. त्या मातीवर चुन्याच्या रेषा मारल्यात आणि रेषांच्या आत दहा शेंगदाणे उभे आहेत.

दहाच.

गोलीच्या पुढची जागा मोकळी आहे. अकरावा दाणा दौलतच्या मुठीत आहे.

"मांड की त्याला," रंगराव म्हणतात.

"कुणाला?"

"कुणाला म्हणून काय विचारतोस? संग्रामला. पेठ काय म्हणायची ते म्हणू दे. हा हंगाम त्याचाच हाय."

"न्हाई," दौलत म्हणतो. "बसीव त्याला."

रंगराव चमकतात, पण मग त्यांच्या ध्यानात येतं. हे दौलतचं नेहमीचंच. आपण ठेव म्हणालो म्हणून तो काढ म्हणतोय. ठीक आहे, उलटं बोलून बघू. ते खाकरतात आणि तोंड आंबट करतात.

"बरं तर मग. तू म्हणतोस तसं. बसवूया."

आणि ते वाट बघतात. आता हा उसळणार. माझ्या पोराला बसवणारा तू कोण म्हणून अंगावर येणार. पब्लिकचा आवाजही थांबलाय.

दौलत मान हलवतो. "बसवूया," तो म्हणतो.

रंगराव त्याच्याकडं वळून बघतात. या माणसानं हयातीत एकदाही हो म्हटलं नव्हतं.

"दौल्या, अरे तू मला हात धरून सांगितलं होतंस."

"काय सांगितलं होतं?"

"संग्रामकडं लक्ष असू दे म्हणालास."

"लक्ष असू दे म्हणालो. टीममधी असू दे म्हणालो काय?" दौलत उठतो. "चल, दावतो."

पायऱ्या उतरून ते दौलतच्या घरच्या स्वयंपाकघरात येतात. शेगडीवर दूध तापतंय. पाटावर संग्राम बसलाय, विजारीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर ओढलेला. गुडघा टरारून सुजलाय. वाटीतलं कोमट तेल घेऊन तो चोळतोय, चोळताना ओठ दाताखाली धरतोय. बाहेरून त्याच्या बायकोचा आवाज येतो तशी तो घाईनं विजार खाली ओढतो आणि उगाच दुधाकडं बघत बसतो. या दोघांकडं तो बघत नाही. त्याला ते दिसतच नाहीत.

"रोज असंच," दौलत हळूच म्हणतो. "बोलायचा न्हाई. माझी, आबाची जागा हाय म्हणून जीव काढून पळतोय. तू ठेवलास तर आणखी एक हंगाम पळंल आणि मग साधी पायरी चढायला मला धरा म्हणंल. तुला वाटतंय तू माझा शब्द पाळतोयस. आणि त्यो पोरगा बी तेच करतोय. दोघं मिळून माझ्या नावानं त्याचा पाय मोडा."

रंगरावांचे डोळे भरून येतात आणि दोष ते दुधाच्या वाफेला देतात.

"मग करायचं काय?"

"मला बसवलं होतं तवा तू काय केलंस?"

ते रंगरावांना आठवतं. आठवतं कसलं, समोरच आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, मैदानाच्या कडेला असतो तसला, आणि त्यावर तरणा दौलत बसलाय. अंगात जर्सी आहे, पण मॅच दुसरेच खेळतायत. मफलर तेवढा तेव्हाही आहे. शेजारी तरणे रंगराव येऊन बसतात. खिशातून खाऱ्या दाण्यांची पुडी काढतात आणि दोघांच्या मधे ठेवतात.

"पयले दाणे तूच आणले होतेस," म्हातारा दौलत म्हणतो. "धीर धर म्हणाला न्हाईस, देवाची मर्जी म्हणाला न्हाईस. मॅच संपेस्तोवर शेजारी बसून दाणे खाल्लेस. घरी गेलो आणि गाढ झोपलो मी त्या दिवशी. तेवढं लक्ष असू दे म्हणालो होतो. आणखी काय मागणार?"

"हे नीट सांगायचं न्हाईस होय दवाखान्यात?"

"नाकात नळी होती लेका."

रंगराव हसतात आणि डोळे पुसतात, दोन्ही एकदमच. दौलत मूठ उघडतो. तळहातावर अकरावा दाणा आहे.

"खा," तो म्हणतो.

"मी?"

"निवड समिती तू हायस."

"माझ्याच्यानं खाववणार न्हाई. अंगाखांद्यावर खेळलेलं पोर ते. तू खा, तू बाप हायस."

"मला एकट्याला बी जड हाय."

दोघं त्या दाण्याकडं बघत राहतात. शेगडीवरचं दूध वर वर येतं, पण उतू जात नाही, कडेशी येऊन थांबून राहतं. मग दौलत अंगठ्यानं दाणा दाबतो. तांबडं साल सुटतं, दाण्याची दोन दळं होतात. एक दळ तो तोंडात टाकतो आणि सावकाश चावतो, डोळे मिटून. दुसरं रंगरावांच्या हातावर ठेवतो आणि त्यांची मूठ आपल्या हातानं मिटवतो. त्याचा हात गरम आहे. दवाखान्यात गार होता.

"मीठ बरोबर हाय बघ ह्याला," दौलत म्हणतो. "आणि स्टॉपरला शंभू घे."

"शंभू तर फॉरवर्ड म्हणालास."

"मग स्टॉपरला घेऊ नगो."

"घेतोच मी आता," रंगराव म्हणतात.

दौलत मफलर नीट करत गालात हसतो. तेव्हा कुठं रंगरावांना कळतं, की ही उलटी युक्ती दौलतलाही ठाऊक होती आणि तोही ती जन्मभर वापरत आला होता. ते त्याला शिवी द्यायला तोंड उघडतात.

"अहो, उठा की. संग्राम आलाय न्यायला."

पंखा. कॉट. खिडकीतून तिरपं आलेलं पाचचं ऊन. दारात सुशीलाकाकी पदराला हात पुसत उभ्या आहेत. रंगराव उठून बसतात. अंग हलकं झालंय, ताप उतरल्यावर होतं तसं. फक्त उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे.

ते ती उघडतात. तळहाताच्या रेषेत शेंगदाण्याचं एक दळ आहे. निम्मा दाणा, खारा, थोडं तांबडं साल चिकटलेला.

"आपल्या घरात खारे दाणे हायत?" ते विचारतात.

"डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून एक दाणा आणला असंल तर शपथ," काकी म्हणतात. "का? डोहाळे लागले?" आणि चहा ठेवायला आत जातात.

बाहेर संग्राम गाडी लावून येतो. उंबरा ओलांडताना चौकटीला हात लावतो, सहज लावल्यासारखा. खुर्चीवर बसतो आणि उजवा पाय सरळ लांबवून ठेवतो. रंगराव ते बघतात. इतके दिवस आपण बघितलं कसं नाही, याचं त्यांना वाईट वाटतं, पण आता बघितलंय.

"निघायचं काय, काका? बैठकीला सगळे जमल्यात."

रंगराव कॉटवरून उठतात, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतात. धीर धर म्हणत नाहीत, देवाची मर्जी म्हणत नाहीत. हात पुढं करून मूठ उघडतात.

संग्राम दाण्याकडं बघतो. कट्ट्यावर वाढलेलं पोर ते, त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नाही.

"कुणी बसवलं?" तो विचारतो.

"दोघांनी," रंगराव म्हणतात. "निम्मा तुझ्या आबानं खाल्ला."

संग्राम मान खाली घालतो. त्याचे खांदे हळूहळू सैल होतात आणि हात आपोआप गुडघ्यावर जातो, या खेपेला न लपवता. मग तो ते दळ चिमटीत उचलतो, तोंडात टाकतो आणि सावकाश चावतो, डोळे मिटून.

"मीठ कमी हाय," तो म्हणतो.